समुद्रवेशीतून आत, समुद्रवेशीतून बाहेर

मी एक जुना लाकडी गाव आहे, मित्रांनो. दचकू नका, टेबलावर मावेन एवढाच आहे मी. भूमध्य समुद्राच्या काठावर तटबंदीचं एक जुनं शहर आहे, त्याची मी हुबेहूब नक्कल. मला बुरूज आहेत, उंच मनोऱ्याचं चर्च आहे, झाडांचा एक चौक आहे, आणि गल्ल्या तर इतक्या की मोजता मोजता माझीच गफलत होते. सगळ्या अरुंद, सगळ्या पायऱ्यापायऱ्यांच्या, सगळ्यांच्या खिडक्यांना हिरव्या झडपा, आणि त्या सगळ्या बंद. आत जायला आणि बाहेर यायला एकच मोठा दरवाजा, समुद्राकडे तोंड केलेला. मी ज्या सहलींच्या ऑफिसात असतो, तिथे त्याला समुद्रवेस म्हणतात. कुणी मला खेळणं म्हटलं की माझं डोकंच फिरतं. खेळण्यात माणसं हरवत नाहीत. पण ते पुढे येईलच, आधी माझ्या जन्माचं सांगतो.

मला घडवलं नाटकांचे सेट उभारणाऱ्या एका सुताराने. त्याने ते शहर कधी पाहिलं नव्हतं. नाटकाच्या गोदामात, रंगवलेल्या पडद्यांच्या मागे त्याचं एक बाक होतं. तिथे भिंतीवर फोटो टोचून तो मला एकेक घर करून वसवत गेला. लाकडाचा भुसा आणि सरस कालवून त्याने माझ्या भिंतींना लेप दिला. पातळ फळ्या तासून कौलं केली. चौकातली झाडं भांडी घासायच्या स्पंजची आहेत, आणि समुद्र निळ्या काचेचा. एकेक गल्ली पुरी झाली की तो तिच्यातून आपलं बोट फिरवून बघायचा. कुठे कुसळ लागलं तर तिथे पॉलिशपेपर मारायचा. “बोट गेलं की माणूस गेला,” असं तो स्वतःशीच म्हणायचा. म्हणून माझ्या सगळ्या गल्ल्या बरोबर बोटाएवढ्या रुंद आहेत.

मला करून घेतलं होतं सहलींचं ऑफिस चालवणाऱ्या एका गृहस्थांनी. सगळे त्यांना काका म्हणायचे. काका मोठे हौशी. त्या जुन्या शहराला जाणारं गिऱ्हाईक आलं की तिकिटाचं नंतर, आधी ते त्याला माझ्यापुढे उभं करायचे. सकाळी कोणत्या बाजूला सावली असते, बुरुजावर चढायच्या पायऱ्या कुठे झिजल्यात, चर्च दुपारी कधी बंद होतं, मोठ्या जहाजांची गर्दी यायच्या आत चौकातली बाकं कशी पकडायची, सगळं तोंडपाठ. आणि मग म्हणायचे, “आता बोटाने जाऊन या. समुद्रवेशीतून आत, समुद्रवेशीतून बाहेर. मधेच बोट उचलायचं नाही हं!”

लोक हसायचे. काकाही हसायचे, पण नियम सोडायचे नाहीत. तिथल्या गल्ल्या एकीसारखी दुसरी, डोळा फसतो, पण बोट विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. भलेभले गृहस्थ शर्टाची बाही वर करून, जीभ दाताखाली धरून माझ्यातून बोट फिरवायचे आणि बाहेर आले की उगाच खूश व्हायचे. मला तर काय, मूठभर मांस चढायचं.

एकदा नवं लग्न झालेलं एक जोडपं बोट फिरवून गेलं. पुढे काही दिवसांनी, भर दुपारी, पंख्याखाली ऑफिस पेंगत असताना माझ्या वेशीत काहीतरी हललं. आधी वाटलं मुंगी असेल. पण मुंगी थांबत नाही, हसत नाही. दोन जोड पावलं होती ती, माझ्या गल्ल्यांतून चाललेली. चर्चपाशी रेंगाळली, बुरुजावर चढली, उतरली, वेशीतून बाहेर पडली आणि बंद झाली. तेव्हा मला उमगलं की ज्यांची बोटं माझ्यातून फिरतात, ती माणसं तिथे खरी चालू लागली की मला इथे कळतं. हे काकांना सांगावं असं फार वाटायचं. पण लाकडाला कुठे तोंड असतं?

दिवस जात राहिले. काका थकले, आणि एका हिवाळ्यात गेले. ऑफिस त्यांच्या मुलीकडे आलं. तिला सगळे ताई म्हणतात. ताई हुशार, कामाला वाघ. पण तिच्या हातात मोबाईल आला, मोबाईलमध्ये नकाशा आला, आणि मी अडगळ झालो. आधी माझ्यावर माहितीपत्रकांचे गठ्ठे आले. मग माझ्या बंदरात टाचण्या साठल्या. मग नवा प्रिंटर आला आणि त्याला जागा नव्हती, म्हणून तो सरळ माझ्या चर्चमागच्या वस्तीवर बसवला. मनोऱ्याचं टोक मोडलं. अर्धा गाव अंधारात गेला. मित्रांनो, मी रडलो नाही, कारण मला येत नाही. पण वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

अशात एके दिवशी दोन बायका आल्या. नणंद आणि भावजय. दोघींचे केस पिकलेले. भावजयीचा नवरा, म्हणजे नणंदेचा भाऊ, जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून दोघीच एका घरात राहत होत्या. नणंद टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, आवाज खणखणीत, उजवा गुडघा कायमचा दुखरा. भावजय शिवणकाम करणारी, पिशवीत सदा सेफ्टी पिना आणि बिस्किटं. एक “वन्सं” म्हणायची, दुसरी “वहिनी”, आणि दोघी मिनिटभर गप्प बसत नव्हत्या.

“बूट घ्या म्हटलं तर चपला घेतल्यात वहिनी. पायऱ्यांवरून घसरलात तर मी उचलणार नाही, सांगून ठेवते.”

“तुमचा गुडघा आधी उचला, मग माझं बघा.”

कॅलेंडरवर त्या शहराचं चित्र बघून दोघींनी किती वर्षं बेत केला होता, आणि दर वर्षी काही ना काही आडवं आलं होतं. ताईने त्यांना सगळं समजावलं. सकाळी लवकर आत शिरायचं, चर्च बघायचं, उन्हाच्या वेळी चौकात झाडांखाली बसायचं, बाटलीत पाणी भरून घ्यायचं, आणि वन्संच्या गुडघ्यासाठी बुरूज सोडून द्यायचा. वन्सं म्हणाल्या, “बुरूज सोडायला एवढ्या लांब जायचं होय?” मग ताईला काय वाटलं कोण जाणे, वडिलांची आठवण आली असेल. ती म्हणाली, “बाबा म्हणायचे, आधी बोटाने जाऊन या.”

तिने गठ्ठे उचलले. प्रिंटर मात्र राहिला.

वहिनी आधी गेल्या. नीट आत, चौकाला वळसा, नीट बाहेर. मग वन्संनी बोट टेकलं. किती दिवसांनी माझ्यात माणसाची ऊब शिरली होती! त्या चर्चच्या मागे गेल्या, एका गल्लीत जिथे एक लहानशी विहीर आहे तिथवर आल्या, आणि पुढे प्रिंटर.

“थांबा हं, सरकवते,” ताई म्हणाली.

तेवढ्यात प्रिंटर घरघरला. त्यांचीच तिकिटं बाहेर येत होती. एक कागद घसरला, आणि तो झेलायला वन्संनी बोट उचललं.

“वन्सं, तुम्ही बाहेर नाही आलात,” वहिनी म्हणाल्या.

“आता घरी गेले की येईन बाहेर! कळला मला तुमचा गाव. चला, बस जाईल.”

त्या गेल्या. ताईने प्रिंटर मागे ढकलला, तसा त्याच्या पायाखाली विहिरीचा कठडा मोडला. मला एवढंच कळत होतं की वन्संचं बोट अजून माझ्यात आहे, तिथेच, अंधारात.

पुढे एका दुपारी माझ्या वेशीत पावलं वाजली. वहिनींच्या चपला, आणि वन्संचं ते एक जड, एक हलकं पाऊल. दोघी चर्चपर्यंत बरोबर होत्या. मग वहिनी चौकात बसल्या, पिशव्या सांभाळत. वन्सं एकट्याच मागच्या गल्लीत शिरल्या, बहुधा बुरुजाकडे जायला. विहिरीपाशी त्यांची पावलं थांबली. मग पुन्हा सुरू झाली. गल्लीच्या टोकापर्यंत, परत विहीर. दुसऱ्या टोकापर्यंत, परत विहीर. त्या घाबरल्या नव्हत्या आधी, नुसत्या चिडल्या होत्या, जड पाऊल आपटत होत्या. मग त्या धावू लागल्या. दुखऱ्या गुडघ्याने कुणी धावत असलेलं मी कधी अनुभवलं नव्हतं, आणि पुन्हा कधी अनुभवायला लागू नये.

रात्री उशिरा, ताई हिशेब करत बसली होती तेव्हा ऑफिसातला फोन वाजला. ताईने तो स्पीकरवर टाकला होता, म्हणून मला ऐकू आलं.

“ताई, वन्सं नाहीत हो कुठे! सकाळी येते म्हणून गेल्या. मी सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. पोलीसही फिरून आले. सगळे म्हणतात वेशीपाशी थांबा. इथे आता दारं बंद व्हायला लागलीत, एक माणूस दिसत नाही, नुसत्या मांजरी.”

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने आधी शहाण्यासारखे सगळे उपाय सांगितले. वन्संचा फोन लावा, हॉटेलात विचारा, दवाखान्यात विचारा. ते सगळं झालेलं होतं. मग बोलता बोलता तिची नजर माझ्यावर पडली. तिने प्रिंटर वायरीसकट ओढून जमिनीवर ठेवला. “वहिनी, वेशीपाशीच थांबा. फोन ठेवू नका,” ती म्हणाली आणि वन्संचं बोट कुठे सुटलं ते शोधू लागली. विहिरीपाशी, एवढंच तिला आठवत होतं. पण माझ्यात विहिरी दोन आहेत. एकीचा कठडा मोडून तुकडा कुठेतरी पडला होता, ती आता नुसती खळगी दिसत होती. दुसरी, शेजारच्या गल्लीतली, धडधाकट होती. ताईने आपलं बोट त्या दुसऱ्या विहिरीपाशी टेकलं.

तिथे कोण आहे ते मला माहीत होतं. मला ओरडता आलं असतं तर मी छप्पर उडेपर्यंत ओरडलो असतो.

मी या ऑफिसात नवा होतो तेव्हाची गोष्ट. काका बाहेर गेले होते. एक तरुण बाई सहज आत आली, माझ्याकडे बघून हसली आणि कुणी न सांगता वेशीतून बोट आत घातलं. तिच्या बोटात सैल अंगठी होती, ती माझ्या भिंतींना टिकटिक लागत होती. ती त्या विहिरीपाशी पोचली आणि दारातून कुणीतरी पुरुषी आवाजात म्हणालं, “चल, चल, उशीर होतोय.” तिने हात उचलला आणि गेली. पुन्हा आली नाही. पण पुढे केव्हातरी त्या गल्लीत पावलं सुरू झाली, सावकाश, सारखी, न थकणारी, आणि ती कधी थांबलीच नाहीत. काकांना हे माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

आता ताईचं बोट तिथून निघालं, आणि ती पावलं मुकाट मागून निघाली. चर्चला वळसा, चौक, उतार, वेस. बोट बाहेर पडलं.

“आल्या!” फोनमधून वहिनी किंचाळल्या. “आल्या हो, आल्या! त्यांचाच निळा स्वेटर, वन्संच आहेत! अहो वन्सं, कुठे होतात, जीव घेतलात की माझा!”

ताई टेबलावर डोकं टेकून हमसून रडली. “बाबा,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने माझी धूळ पुसली, टाचण्या वेचल्या, मनोऱ्याचं टोक सरस लावून चिकटवलं. सगळीकडे आनंदीआनंद होता. आणि माझ्या मोडक्या विहिरीपाशी एक जड, एक हलकं पाऊल अजून चाललंच होतं.

परत आल्यावर दोघी पेढे नव्हे, पण चांगला मोठा केक घेऊन ऑफिसात आल्या. वन्संचाच चष्मा होता, वन्संचंच नाक. खुर्चीवर बसून त्या हसत होत्या. ताईने विचारलं, कसं होतं शहर? “छान होतं सगळं,” त्या म्हणाल्या. आवाज वन्संचा, पण खणखणाट नव्हता. वहिनी कौतुकाने सांगत होत्या, “गुडघा बघा कसा बरा झाला! आणि आल्यापासून एका शब्दाने भांडलेल्या नाहीत.” वन्सं उठून दाराकडे गेल्या. पावलं अगदी सारखी पडत होती. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि झटकन नजर वळवली.

नंतर वहिनी एकट्याच आल्या. चेहरा उतरलेला. ताईने पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

“ताई, तुला हसू येईल. पण घरी ज्या आहेत ना, त्या वन्सं नाहीत.”

“अहो वहिनी, असं काय करता?”

“मी ओट्यावर पसारा टाकते मुद्दाम, त्या बोलत नाहीत. चहा आधी मला देतात. चाळीस वर्षांत वन्संनी कधी आधी मला दिला नाही! बाहेरून आल्या की उंबऱ्यावर थांबतात. मी ‘या’ म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत, आपल्याच घरात! काल मी विचारलं, तुमच्या भावाला लहानपणी काय म्हणायचात हो? तर हसल्या आणि म्हणाल्या, तुम्हीच सांगा ना.” वहिनींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “मला त्यांची भीती वाटत नाही गं. मला दया येते. पण वन्संशिवाय मला करमत नाही.”

मग वहिनी उठून माझ्यापाशी आल्या. “कुठून आणलंस त्यांना? दाखव मला.”

ताईने ती धडधाकट विहीर दाखवली.

“ही नव्हे गं! वन्संनी बोट उचललं ते इथे, या खळगीपाशी. मी शेजारीच उभी होते की.”

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनींनी पदर खोचला, वेशीत बोट टेकलं आणि आत निघाल्या. बोट कुठेच भिंतीला लागलं नाही. मोडक्या विहिरीपाशी आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “वन्सं, अहो वन्सं! चला. मी आलेय.”

माझ्यातली पावलं थबकली. किती दिवसांनी थबकली! मग एक जड, एक हलकं, ती वहिनींच्या बोटामागून निघाली.

वेशीपाशी आल्यावर मात्र वहिनी थांबल्या. बोट उंबऱ्यावर, आणि त्या रडत होत्या. “घरी जी आहे तिचं काय होईल, ताई? सकाळी तिने माझ्या पायाला तेल लावून दिलं. मी नको म्हणत असताना लावलं. चांगली आहे गं ती. पण माझी नाही.”

ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनींनी डोळे मिटले आणि बोट बाहेर काढलं.

मग वहिनींच्या पिशवीतला मोबाईल वाजला. घरचा नंबर होता. त्यांनी तो कानाला लावला, आणि त्यातला आवाज मला टेबलावर ऐकू आला, इतका तो खणखणीत होता.

“वहिनी! दूध ओट्यावर उघडं टाकून कुठे भटकताय? मांजराने तोंड घातलं असतं म्हणजे? आणि माझा गुडघा का ठणकतोय एवढा? कुणी उचलून आपटलं की काय मला?”

वहिनी हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाच सांगता आलं नसतं. “येते, येते,” एवढंच त्या म्हणत राहिल्या. त्यांना रिक्षात बसवून द्यायला ताई बाहेर गेली.

ऑफिसात मी एकटा उरलो. आणि माझ्या वेशीतून कुणीतरी आत आलं. सावकाश, सारखी पावलं, जरासुद्धा लंगडणं नाही. उंबऱ्यावर ती थांबली, कुणी ‘या’ म्हणेल म्हणून वाट बघितल्यासारखी. मग आपणच आत आली, चौक ओलांडून, चर्चला वळसा घालून आपल्या गल्लीत गेली.

ती अजून तिथेच चालते, मित्रांनो. माझी आता निगा राहते. ताई रोज फडकं मारते, माझ्यावर कागदाचा कपटाही ठेवू देत नाही, आणि कुणी मधेच बोट उचललं तर मनगट धरते. वन्सं आणि वहिनींची भांडणं जोरात चालू आहेत असं ऐकतो. माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरी कुणाची आई असेल, आत्या असेल, मावशी असेल, सैल अंगठी घालणारी, फिरायला गेलेली आणि परत न आलेली. किंवा परत आलेली, पण तेव्हापासून फार शहाण्यासारखी वागणारी. असेल तर या. वेशीतून बोट घाला, धडधाकट विहिरीपर्यंत जा आणि तिला तिच्या नावाने हाक मारा. ते नाव मला माहीत नाही, नाहीतर मी ताईला कसंही करून कळवलं असतं.